ऊब धरेपर्यंत

पौषातल्या पहाटे तापीवरून उठलेलं धुकं प्रकाशाच्या पुलावर रेंगाळत असतं. केदारेश्वराचा कळस त्यात अर्धा बुडालेला, उसाने लादलेल्या बैलगाड्या नुसत्या घुंगरांवरून ओळखायच्या, आणि स्टिअरिंगमागच्या काचेआड तो बारीकसा काटा थंडीच्या खुणेपाशी अंग चोरून पडलेला. शहाद्याहून निघून इथवर येईतो खरं तर तो मध्यावर यायला हवा. त्या हिवाळ्यात येतच नव्हता. गोमाई मागे पडायची, पपईच्या बागा मागे पडायच्या, कापूस वेचून झालेली करडी शेतं मागे पडायची; पायांवर येणारी हीटरची हवा गारच राहायची आणि इंजिनाच्या आवाजात नुकत्याच उठवलेल्या माणसाचा घोगरेपणा रेंगाळत राहायचा.

गाडी तापत नव्हती.

आमच्या नंदुरबारकडे ही तक्रार सांगितली तर ऐकणारा आनंदाने म्हणतो, बरंच आहे की! इथं धास्ती आहे ती उन्हाची. फाल्गुनातच मिरचीच्या पथारींवरून येणारा वारा डोळ्यांना झोंबू लागतो, वैशाखात सावलीसुद्धा भाजते, आणि रस्त्याकडेला बॉनेट उघडून वाफ निवायची वाट बघणारी एखादी गाडी आणि तिच्याशेजारी कपाळाला हात लावून बसलेलं कुटुंब हे दृश्य लहानपणापासून आमच्या डोळ्यांत रुतलेलं आहे. म्हणून थंड गाडी ती गुणी गाडी, असं आम्ही मनाशी धरून चालतो. पण याच जिल्ह्यात अक्कलकुव्याच्या डोंगरात डाब आहे, जिथं कडाक्याच्या थंडीत गवतावरचं दव गोठून पांढरं होतं. तिथल्या पहाटे शेकोटीभोवती बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारावं, गारठा हेही दुखणं असतं का.

मला ते तोरणमाळच्या वाटेवर कळू लागलं. सातपायरी घाट चढताना इंजिन दमून, धापा टाकत, कसंबसं तापायचं. काटा हळूहळू वर सरकायचा आणि आत काहीतरी मोकळं झाल्यासारखा आवाज सरळ व्हायचा. साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीवरच्या त्या पठारावर, यशवंत तलावाच्या काठाने जाताना गाडी आपलीशी वाटायची. उतार लागला की दरीतला वारा जाळीतून आत शिरायचा आणि मिळालेली सगळी ऊब हातातून निसटून जायची. चढावर आलेला काटा उतारावर परत खाली. पेट्रोल मात्र भराभर सरत होतं, कारण थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं आणि हे इंजिन आपल्या लेखी सदा पहाटेतच होतं.

ज्या मिस्त्रींकडे मी गेलो ते वयाने मोठे, बोलायला कमी. "काय जयं भाऊ?" एवढं विचारून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, ऑइलचं झाकण उघडून मला दाखवलं. आतल्या बाजूला दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर. रोज थोडं थोडं पाणी सुटत होतं आणि ते उडून जाण्याइतकी धग इंजिनाला कधी मिळतच नव्हती. मग त्यांनी कूलंट पाहिलं, ते पुरेसं होतं. पंखा पाहिला, तो उगाच फिरत नव्हता. गाडी चालू करून ते म्हणाले, "वरच्या पाइपला हात लावा."

मी हात ठेवला. रबराचा तो जाड पाइप माझ्या तळव्याखाली अगदी पहिल्यापासून कोमट, कोमट, कोमट होत गेला.

"हा आत्ता गारच पाहिजे होता, तात्या?"

"गार. बराच वेळ गार. मग एकदम कडक."

त्यांनी पाइप सोडवला, दोन नट काढले, झाकण उचललं. थर्मोस्टॅटचं घर रिकामं होतं. कुठल्याशा उन्हाळ्यात, कुणीतरी माझ्या आधीच्या मालकाच्या भल्यासाठीच, गाडी तापू नये म्हणून तो काढून टाकला होता. त्या हातांचा मला राग आला नाही. इथल्या वैशाखाला भ्यालेले हात होते ते.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तात्यांनी स्टोव्हवर पातेल्यात पाणी ठेवलं आणि तारेला बांधून तो आत सोडला. मुठीत मावेल एवढी वस्तू, कडेवर 82 हा आकडा कोरलेला. तिच्या पोटात मेणाची एक लहानशी कुपी असते. 1930 च्या दशकात सर्जियस व्हर्नेट नावाच्या माणसाने ही युक्ती काढली. ना वीज, ना तार. पाणी गार आहे तोवर मेण घट्ट आणि दार बंद, म्हणजे इंजिनातलं पाणी इंजिनातच फिरत राहतं, स्वतःच्या धगीने धग धरतं. मेण वितळून फुगलं की ते दांडीला रेटतं, आणि दार रेडिएटरकडे उघडतं. पातेल्याच्या तळाशी बुडबुडे धरू लागले, वाफ वर आली, तरी ती पितळी चकती हलेना. आम्ही दोघंही वाकून बघत होतो. मग कसलाही आवाज न होता कडेला केसाएवढी फट पडली, रुंदावली, आणि चकती सावकाश वर उचलली गेली.

अंगावर काटा आला माझ्या.

इतका वेळ बंद राहणं, ते नेमक्या क्षणी उघडता यावं म्हणून! तात्यांनी तो गार पाण्यात टाकला. तो तसाच सावकाश मिटला. "बसवायचा ना?" त्यांनी विचारलं, कारण इथली बरीच गिऱ्हाइकं नको म्हणतात.

बसवला. आता प्रकाशाच्या पुलाआधीच काटा मध्यावर येतो आणि चांदसैलीचा घाट चढो वा उतरो, तिथंच राहतो. चैत्र येईल, डांबर मऊ होईल, पंपावर किंवा टपरीवर कुणीतरी आपुलकीने सांगेल की भाऊ, तो व्हॉल्व्ह काढून टाका, उन्हाळा आहे. मी त्याला चहा पाजीन, टपरीवाल्याकडून उकळतं पाणी मागून घेईन, आणि डिकीत ठेवलेला जादाचा थर्मोस्टॅट त्यात सोडून म्हणेन, जरा थांबा, बघा.