हातीपायी सुटका

बुऱ्हाणपूर म्हटले की आपल्यासारख्या शाळेत इतिहास घोकलेल्या माणसाला एकच गोष्ट आठवते. १६८१ साली हंबीरराव मोहित्यांनी मारलेला छापा आणि मराठ्यांनी नेलेली ती अमाप लूट. माझ्या लेकीचे सासर त्याच गावात ठरले तेव्हा आमच्या वाड्यावरच्या एका आजीने विचारलेही होते, "गो, आमी लुटले त्या गांवात चेडूं दिता?" असो. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हिशेब कोणी काढला नाही आणि लेक सुखात नांदू लागली.

गोव्याहून हे गाव वाटते तितके परके नाही. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस भुसावळला सोडते. तिथून दुसरी गाडी पकडायची. रावेरच्या केळीच्या बागा मागे पडल्या की महाराष्ट्र संपतो आणि थोड्याच वेळात तापीकाठचे बुऱ्हाणपूर येते. पाट्या हिंदी, बाजारात उर्दू, यंत्रमागांचा खडखडाट, मावा जिलेबीचा वास आणि घराघरांतून खानदेशी वळणाची मराठी. आमच्या विहीणबाईंच्या घरी तर चार पिढ्या मराठीच.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी तिथे गेले ती लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायला. सातवा महिना लागला होता. गोव्यात आणून फुलां माळप करायचे, ओटी भरायची आणि मग महाशिवरात्रीच्या आसपास सुटका, असा माझा बेत. सामानात मी अळीव, बाळंतशेपा आणि डिंकाचे लाडू घेऊन गेले होते. तयारी म्हणजे माझ्या डोक्यात एवढीच.

लेकीची तयारी वेगळीच चालली होती. पहिल्याच संध्याकाळी पाहिले, माडीवर सतरंजी अंथरून बाईसाहेब डाव्या कुशीवर पडलेल्या, गुडघ्यांत उशी, डोळे मिटलेले. नाकाने सावकाश श्वास आत, आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा तोंडाने बाहेर. मोबाईलवर पुण्याच्या एक शिक्षिका बोलत होत्या. आता कपाळ सैल सोडा, आता जबडा, आता खांदे, आता हाताच्या मुठी. उशाशी पुस्तकांची चळत. मला हसू आले. म्हटले, "श्वास घ्यायलाही शिकवणी लावावी लागते काय? तुझ्या पणजीने दहा बाळंतपणे केली ती वयजिणीच्या हातावर, कसल्या वर्गाविना."

ती डोळे न उघडता म्हणाली, "दहातली राहिली किती, ते पण सांग ना आई."

राहिली होती पाच. मी गप्प बसले.

रात्री झोप येईना म्हणून तिची पुस्तके चाळली. ग्रँटली डिक-रीड नावाच्या इंग्रज डॉक्टरने १९३३ साली एक साधा विचार मांडला होता. भीती वाटली की अंग आवळते, अंग आवळले की कळ जास्त लागते आणि कळ जास्त लागली की भीती वाढते. हे चक्र तोडायचे असेल तर बाईला आधीच समजावून सांगा आणि अंग सैल सोडायला शिकवा. पुढे १९५१ साली लामाझ नावाचे फ्रेंच डॉक्टर सोव्हिएत रशियात गेले, तिथली श्वासाची पद्धत पाहून आले आणि पॅरिसमध्ये ती सुरू केली. त्यांच्याकडे बाळंत झालेल्या मार्जोरी कार्मेल या अमेरिकन बाईने १९५९ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि ही शिकवणी जगभर गेली.

हे सगळे परदेशी म्हणून बाजूला सारावे तर तेही जमेना. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात हेच आहे. नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागृह तयार ठेवा. गर्भिणीजवळ अनेकदा बाळंत झालेल्या, प्रेमळ, हसतमुख बायका असू द्या. कळा सुरू झाल्यावर बाईला मुसळ घेऊन कांडायला लावावे असे काहींचे मत होते. आत्रेय ते साफ खोडून काढतात आणि म्हणतात, तिला जांभया देऊ द्या, हिंडू-फिरू द्या. आणि कळ नसताना जोर लावू नको, तो फुकट जातो, हे तिला सांगा. लेकीच्या त्या पुण्याच्या बाई दुसरे काय सांगत होत्या? आपल्या आनंदीबाई जोशींनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयात प्रबंध लिहिला तो नेमका याच विषयावर, आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. चौदाव्या वर्षी बाळंत होऊन दहा दिवसांत मूल गमावलेल्या मुलीने तो विषय निवडावा, यात नवल नाही.

माझी आजी सांगायची, बाई अडली की वयजीण घरातल्यांना हुकूम सोडायची. पेट्यांची कुलपे उघडा, कपाटे उघडा, गाठी सोडा, तिचा अंबाडा मोकळा करा. आम्ही त्याला अडाणीपणा म्हणायचो. त्या रात्री वाटले, सगळे घर मिळून त्या बाईला एकच सांगत असणार, सोड, आता मोकळी हो.

दुसऱ्या दिवशी मी आहूखाना पाहायला निघाले. लेकीलाही यायचे होते. पण घरातल्या आजेसासूबाईंनी मोडता घातला. "पोटुशी बाई तिथं जात नसते." मग विहीणबाई माझ्याबरोबर आल्या. त्या सरकारी आरोग्यसेविका म्हणून आयुष्यभर खेड्यापाड्यांत फिरून निवृत्त झालेल्या. त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नाही, पण सासूशी वाद घालायचा नाही हेही त्यांना पक्के ठाऊक.

तापी ओलांडली की पलीकडे जैनाबाद. तिथे एके काळी मोगलांची हरणे राखलेली बाग होती, तोच आहूखाना. आज मोडकी बांधकामे आणि भोवती शेते. ताजमहालात निजलेली मुमताज महल आधी इथे पुरली गेली होती, हे किती जणांना माहीत असते?

१६३१ साली शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. मुमताज नेहमीप्रमाणे बरोबर होती. १६१२ साली लग्न झाले तेव्हापासूनच्या एकोणीस वर्षांत तिची तेरा बाळंतपणे झाली होती आणि हे चौदावे. तापीकाठच्या शाही किल्ल्यात तिने मुलीला जन्म दिला आणि १७ जूनला ती गेली. वय अडतीस. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने गेली असावी, असे आता बहुतेक मानतात. चौदातली सात मुले जगली, त्यांत ही शेवटची गौहर आरा. ती १७०६ सालापर्यंत जगली. आईला डिसेंबरात इथून उचलून आग्र्याला नेले. बरोबर शहजादा शुजा, हकीम वजीर खान आणि तिची विश्वासू सती-उन-निसा होती.

मी विहीणबाईंना म्हटले, "हिची काय तयारी कमी होती हो? तेरा बाळंतपणांचा अनुभव, उशाशी राजवैद्य, जिवाभावाची सखी, सतरा वर्षांची जहाँआरा. किल्ल्यात तो रंगीत छताचा हमामखाना. एकटी तर ती नव्हतीच."

विहीणबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ताई, माया होती सगळी. इंजेक्शन नव्हतं."

मग त्या सांगत राहिल्या आणि मी ऐकत राहिले. बाळ बाहेर आले की गर्भाशयाने घट्ट आवळून घ्यायचे असते. तिथे सैल राहिले तर रक्त थांबत नाही आणि बाई तास-दोन तासांत हातची जाते. वारंवार बाळंत झालेल्या बाईचे गर्भाशय थकते, तिला धोका जास्त. आज बाळ जन्मले की लगेच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. ते प्रयोगशाळेत तयार झाले १९५३ साली. रक्तगटांचा शोधही विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा. तोवर जगातला कुठलाही बादशहा आपल्या बायकोसाठी एक बाटली रक्त आणू शकत नव्हता. "आणि आज मिळतं, तर रस्ता लांब पडतो," त्या म्हणाल्या. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, बायका दवाखान्यात येऊ लागल्या, तरी २०१८-२०च्या सरकारी नोंदीत दर लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, तर मध्य प्रदेशात १७३. तापीच्या अलीकडे आणि पलीकडे एवढा फरक. "तुमच्या लेकीला म्हणावं, श्वास शीक, पण हिमोग्लोबिनचा आकडाही पाठ कर."

परतताना मी शांतच होते. कारण ते इंजेक्शन माझ्या ओळखीचे होते.

१९९३ साली हीच लेक माझ्या पोटी जन्मली ती गोव्यातल्या एका इस्पितळात. त्याचे नाव घेत नाही. पोर हातात आले आणि मला रक्त जाऊ लागले. धावपळ झाली, इंजेक्शने दिली, दोन बाटल्या रक्त चढवले आणि मी वाचले. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्याआधीचे चौदा तासही मी विसरलेले नाही. आई बाहेर बाकावर बसलेली, आत येऊ दिली नव्हती. मी एका लोखंडी खाटेवर एकटी. काय होते आहे ते कोणी सांगेना. ओरडले तर एक बाई खेकसली, "आता कशाला बोंबलतेस?" मी दात आवळून पडून राहिले. त्यानंतर मला दुसरे मूल नको झाले. घरच्यांना वेगवेगळी कारणे सांगितली. हे कारण कोणालाच सांगितले नाही.

ते सांगितले परतीच्या गाडीत. मनमाड गेल्यावर डब्यातले दिवे मालवले होते. लेक खालच्या बर्थवर डाव्या कुशीला आणि मी तिच्या पायथ्याशी. का कोण जाणे, सगळे बोलून गेले. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणून मी बाळंतपणाचा विषय काढला की तू लाडवांवर यायचीस."

मग थोड्या वेळाने, "आई, माझ्याबरोबर आत तू येशील?"

मी म्हटले, मला नाही जमायचे. ती म्हणाली, "मग तूही शीक."

अशी मी, साठीला टेकलेली बाई, गरोदर मुलींच्या वर्गाला जाऊन बसले. शनिवारी सकाळी आम्ही दोघी मोबाईलसमोर. कळ आली की कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, तळहाताची टाच रोवून कसा दाब द्यायचा ते शिकले. दात आवळले की खालचे अंगही आवळते, म्हणून जबडा सैल ठेवायला आठवण करायची, हे शिकले. ते ऐकताना १९९३ची ती खाट डोळ्यांपुढे आली आणि मला उठून स्वयंपाकघरात जावे लागले. आणखी एक कळले. प्रसूतीच्या वेळी जवळ सतत कोणी माणूस असावे की नाही, यावर १७ देशांत झालेल्या २६ चाचण्यांचा २०१७ साली एकत्रित आढावा घेतला गेला. पंधरा हजारांहून अधिक बायका. जवळ माणूस असलेल्यांच्या कळांचा काळ थोडा कमी झाला आणि शस्त्रक्रियेची गरजही कमी पडली. आत्रेयांना हे चाचण्यांविना ठाऊक होते, आणि आमच्या वयजिणीलाही. आम्ही इस्पितळे बांधली तेव्हा रक्त आणि इंजेक्शन आत घेतले आणि त्या प्रेमळ बायकांना बाहेर बाकावर बसवले. दोन्ही एका खोलीत मावत नव्हते, असे थोडेच होते?

या खेपेला आधी विचारूनच इस्पितळ निवडले. रक्तपेढी जवळ आहे ना, आणि मला आत येऊ देणार ना, हे दोन प्रश्न.

फेब्रुवारीत एका पहाटे कळा सुरू झाल्या. अकरा तास लागले. खोटे कशाला सांगू, शिकलेले सगळे काही टिकले नाही. श्वासाची मोजदाद दुपारपर्यंत पार विसरली. "फुंकर घाल गो" म्हटले तर ती माझ्यावरच डाफरली, "तूच घाल!" ओरडलीही भरपूर, आणि कोणी खेकसले नाही. पण प्रत्येक कळेला माझा हात तिच्या कमरेवर होता आणि मी गालाला हात लावला की जबडा सैल व्हायचा. एवढे मात्र शेवटपर्यंत राहिले.

नात बाहेर आली. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे. माझे मात्र नर्सच्या हाताकडे. तिने लेकीच्या मांडीत इंजेक्शन दिले, घड्याळ पाहिले, पोटावर हात ठेवून तपासले आणि मान हलवली. मला तापीपलीकडची ती बाग आठवली. मग मी रडले.

बाहेर येऊन बुऱ्हाणपूरला फोन लावला. विहीणबाईंनी रक्त किती गेले ते विचारले. वजन विचारले. मग फोन आजेसासूबाईंनी हिसकावून घेतला. मुलगा की मुलगी हे न विचारताच त्या म्हणाल्या, "हातीपायी सुटली ना पोर?"

म्हटले, "सुटली हो. हातीपायी सुटली."