ठाण्याच्या घुशी, च्वानचौचा कृष्ण

ठाण्यात कुत्र्याएवढे उंदीर असतात, त्यांच्यापुढे मांजरांचं काही चालत नाही, म्हणून तिथले लोक उंदीर मारायला कुत्रे वापरतात, असं एका इटालियन संन्याशाने सातशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे. त्याचं नाव ओडोरिक, गाव पोर्देनोने. जांभळी नाक्याच्या बाजारात रात्री उशिरा घूस पाहिलेला कोणीही ठाणेकर त्याला थापाड्या म्हणणार नाही.

हा ओडोरिक मला भेटला डोंबिवलीत, घरच्या पलंगावर. मी चीनमध्ये डॉक्टरकी शिकत होते आणि २०२० च्या जानेवारीत सुट्टीला आले ती अडकलेच. २०२२ चा उन्हाळा सरेपर्यंत आम्हा विद्यार्थ्यांना परतीचा व्हिसा मिळत नव्हता. शरीरशास्त्राचे वर्ग मोबाइलवर चालायचे, आणि वर्ग संपले की चीनविषयी मिळेल ते मी वाचायचे. हेन्री यूलने १८६६ मध्ये इंग्रजीत आणलेली जुन्या प्रवाशांची वर्णनं त्यात हाती लागली. उघडली चीनसाठी आणि निघालं ठाणं.

गोष्ट अशी. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी धर्माच्या वादातून मारले गेले. त्यांच्या जॉर्डानस नावाच्या सोबत्याने त्यांना सोपाऱ्यात पुरलं. पाठोपाठ ओडोरिक आला. त्याने त्या अस्थी उकरल्या, गाठोड्यात बांधल्या आणि चीनची वाट धरली. कोल्लमकडे जाताना समुद्रात वारा पडला. सगळ्यांनी आपापल्या देवांना हाका मारल्या, आणि याने गुपचूप एक हाड समुद्रात टाकायला लावलं. वारा सुटला! पुढे कोल्लमला तो ज्या चिनी जहाजात चढला त्यात सातशे माणसं होती म्हणे. उरलेल्या अस्थी झैतून बंदरातल्या त्याच्या पंथाच्या मठात पोचल्या. झैतून म्हणजे आजचं च्वानचौ, फूच्येन प्रांतातलं.

ठाण्याहून निघालेल्या हाडांना चीनमध्ये घर मिळालं आणि मला व्हिसा मिळत नव्हता. त्या दिवसांत या विचाराचा राग येई. आता हसू येतं.

परत गेल्यावर मात्र च्वानचौ गाठायचंच हे ठरलेलं होतं. त्याआधीही मी चीनमध्ये हिंडले होते. उत्तरेत शिच्याच्वांगला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या समाधीवर फुलं वाहून आले. चीनमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलीने ते करायचंच असतं. साध्या गाड्यांमध्ये तिथे बिनजागेचं तिकीटही रीतसर मिळतं. बाकीच्या परदेशी मुलांना ते भयंकर वाटायचं. चौथ्या सीटवर अर्धं टेकून दादरपर्यंत गेलेल्या मुलीला त्यात काय विशेष! उलट तिथे डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो आणि सूर्यफुलाच्या बिया सोलणारं कुटुंब तुमच्या ओंजळीतही मूठभर ओततं. मग चौकशी सुरू होते: आमिर खानला पाहिलंस का, हाताने जेवता तर भाजत नाही का, तुझ्या आईने तुला एवढ्या लांब कसं सोडलं.

जेवणाचं विचारू नका. मेसमधल्या मावशींना मी मांस नको म्हणून सांगितलं, तर त्यांनी अगत्याने वांग्याची भाजी वाढली. त्यात डुकराचा खिमा. त्यांच्या लेखी तो चवीपुरता. त्याला मांस कोण म्हणतं? पण मी थंड पाणी पिते हे दिसलं की त्याच मावशी पोटच्या पोरीसारखं रागवायच्या.

श्यामेनहून वेगवान गाडीने च्वानचौ तासाभराच्या आत येतं. खाययुआन देवळासमोर दोन दगडी पॅगोडे आहेत, तेराव्या शतकातले, चाळीस मीटरच्या वर उंच. ते बघत उभी असताना उदबत्त्या घेऊन आलेल्या एका आजींनी विचारलं, कुठली? भारतातली म्हटल्यावर त्यांनी हाताला धरून मला मुख्य मंदिराच्या मागच्या अंगाला नेलं. तिथल्या दोन खांबांवर आपले देव कोरलेले आहेत. इथे व्यापाराला राहिलेल्या तमिळ लोकांचं एक शिवालय होतं, १२८१ चा त्यांचा तमिळ लेखही सापडला आहे. ते देऊळ पडल्यावर त्याचे दगड गावभर विखुरले आणि हे खांब बुद्धाच्या देवळाला लागले.

आजींनी एका चित्रावर बोट ठेवलं. हा पोरगा कोण? मी म्हटलं, कृष्ण. खोड्या काढायचा म्हणून आईने उखळाला बांधला. तो उखळ ओढत दोन झाडांच्या मधून गेला आणि झाडंच पडली. उखळाला चिनीत काय म्हणतात ते येईना, तेव्हा कांडून दाखवलं. आजी खूष. मग त्यांचा प्रश्न आला: आईने नंतर मारलं का? मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली. आजकालच्या आयांवर त्यांचं काही म्हणणं होतं, ते बराच वेळ ऐकलं.

सागरी संग्रहालयात तर नरसिंह आहे, पलीकडे अरबी लेखांच्या कबरी, कमळावर उभे केलेले ख्रिस्ती क्रूस. ओडोरिकला इथली साखर स्वस्त वाटली होती आणि शहर बोलोन्याच्या दुप्पट. २०२१ मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा म्हटलं.

आपल्याकडे चीन येतो तो सीमेवरच्या बातमीतून नाहीतर दिवाळीच्या माळांतून. ठाण्याच्या खाडीचं समुद्रापारचं नातं आपण सोडून दिलं. कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या दानाचे लेख कान्हेरीच्या लेण्यांत आहेत, मार्को पोलोने ठाण्याचं कातडं आणि सुती कापड नोंदलं आहे. कर्जत-कसारा लोकलच्या कितीतरी आधी या गावांना समुद्राचं वेळापत्रक होतं. ते मला शाळेत कोणी शिकवलं नाही, आणि ही तक्रार मी करणारच.

आमच्या भागातली मुलं अजूनही डॉक्टरकीला चीनला जातात. त्यांना माझं सांगणं आहे: शांघायचे मनोरे सगळेच बघतात, एक दिवस च्वानचौला द्या. संग्रहालयाला तिकीट नाही. पासपोर्ट जवळ ठेवा आणि सोमवार टाळा. चीनमधली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात.