वजाबाकी राहिली

भाच्याने रॉब्लॉक्सवर एक खेळ लिहायला घेतलाय. अंधारा वाडा, हातात विजेरी. झोत दारावर पडला की दार उघडायचं. रविवारी रात्री त्याचा फोन आला, "मामा, अंगणात उभं राहिलं तर दार उघडतं. परसात गेलं की नाही उघडत. कोड तर तोच आहे!"

खेळातला झोत नुसता दिसायला. खरं काम रेकास्टचं. रेकास्ट म्हणजे कोडने सोडलेला अदृश्य किरण. कुठून निघायचं आणि कुठल्या दिशेला किती लांब जायचं, एवढं त्याला सांगायचं. वाटेत पहिलं जे आडवं येईल त्याची खबर तो आणतो. काहीच आलं नाही तर 'निल'. आमच्याकडे निलच येत होतं.

न दिसणाऱ्या गोष्टीशी किती वेळ झटापट करणार? म्हणून किरणाच्या वाटेवर एक पातळ लाल पट्टी उभी करायला लावली. पट्टी दार सोडून भलतीकडेच, कुंपणावरून निघालेली! तेव्हा चूक उमगली. दिशेच्या जागी आम्ही दाराचा पत्ता लिहिला होता. अंगण होतं नकाशाच्या शून्यावर. शून्यावर उभ्या असलेल्याला दाराचा पत्ता हीच दाराची दिशा. परसातल्याला मात्र दाराच्या स्थानातून आधी आपलं स्थान वजा करावं लागतं. उरेल ती दिशा, आणि तेवढंच अंतर.

वजाबाकी केली, तरी दार ढिम्म. आता किरण अडत होता तो पात्राच्या स्वतःच्याच टोपीला! वगळायच्या यादीत स्वतःचं पात्र घातलं, आणि साडेअकराला दार उघडलं.

तो झोपायला गेला. मी मात्र जागाच. गेल्या वर्षी याच पोराला मी ठणकावून सांगितलं होतं, "डोळे मिटून सायन्स घे, मीही तेच घेतलं होतं." पत्ता बरोबर होता, पण तो माझ्या अंगणातून काढलेला. पोरगं कुठे उभं आहे, हे विचारलंच नव्हतं. सल्ला पोचला नाही की आपण ऐकणाऱ्याला दोष देतो, आणि मध्ये बहुधा आपलीच टोपी असते.

कोडमधली दिशेची चूक एका उणे चिन्हाने सुधारली. माझी वजाबाकी अजून राहिली आहे.