मयताची गाडी

वरोऱ्यातून नागपूर-चंद्रपूर रस्त्याने कोळशाचे ट्रक बारा महिने धावतात, दसऱ्यानंतर त्यांत कापसाच्या गाड्यांची भर पडते. परंतु त्या पेठेत काळी मर्सिडीज एकच होती. ती ज्यांची, ते कापूस-सरकीचे व्यापारी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नागपूरच्या रुग्णालयात हृदयविकाराने गेले. वय अवघे चौपन्न. उठावणा झाला, पाहुणे परतले, आणि घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी तशीच उभी राहिली.

थोरल्या बंधूंना ही गाडी कधीच रुचली नव्हती. ‘जिनिंगला जायला एवढी गाडी कशाला?’ असे ते खरेदीच्या वेळी म्हणाले आणि त्यावरून दोघे भाऊ आठ दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. आता तीच गाडी विकण्याचे काम त्यांच्याकडे आले. रुईच्या खंडीमागे शंभर रुपयांसाठी तासभर अडून बसणारा हा गृहस्थ गाडीची किंमत सांगताना मात्र अडखळे. समोरच्याला ते लगेच कळे.

शोकातला विक्रेता घाईत असतो, हे जुन्या गाड्यांच्या बाजारात सर्वांना ठाऊक असते. त्यात ‘मयताची गाडी’ हा शब्द उच्चारला की भाव आणखी उतरतो. जणू मालक गाडीमुळेच गेला! श्रावण-भाद्रपदात गिऱ्हाईक कमी, पितृपक्षात तर कोणी हातच लावत नाही. दसरा-धनत्रयोदशीला मागणी वाढते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. पण तोवर पावसात उभ्या गाडीची बॅटरी उतरली होती आणि उंदरांनी दोन वायरी कुरतडल्या होत्या. नागपूरच्या कारागिराला बोलावून ते काम करून घेतले, सर्व्हिसच्या पावत्या व दुसरी चावी शोधून काढली, आणि तीन ठिकाणांहून किंमत मागवली. एकाने बावीस लाख सांगितले, दुसऱ्याने साडेतेवीस. नागपूरच्या एका दलालाने एकदम सत्तावीस सांगितले.

गाडीवर कर्ज होते. बँकेला मृत्यूची सूचना देताच कर्जदाराचे खाते थांबते, आणि त्याच खात्यातून जाणारा हप्ता थकतो. अनेक घरांना हा धक्का अनपेक्षित असतो. येथे धाकट्या वहिनींनी आपल्या ठेवीतून शिल्लक कर्ज फेडले, बँकेचे ना-हरकत पत्र आणि सहीशिक्क्यासह फॉर्म ३५ घेतला. तेवढ्याने कागद पुरे झाले, असे सर्वांना वाटले.

दलालाने सत्तावीस लाखांचा मार्ग सांगितला तो असा: ‘काका, फॉर्म २९ आणि ३० वर त्यांचीच सही करून द्या. तारीख मेची टाकू. वारसाच्या भानगडीत कशाला पडता? आमच्याकडे रोजची कामं आहेत ही.’ थोरल्या बंधूंनी हो म्हटले नाही, पण नाहीही म्हटले नाही. ‘गिऱ्हाइकाला दाखवून दोन दिवसांत आणतो,’ म्हणून तो सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गाडी घेऊन गेला.

दुसऱ्या रात्री पावणेबाराला धाकट्या वहिनींच्या उशाशी मोबाइल वाजला. फोन यजमानांचा, त्या तो रोज चार्ज करून ठेवीत. संदेश फास्टॅगचा होता. बोरखेडीच्या टोल नाक्यावर पैसे कापले गेले होते. गाडी रात्री नागपूरच्या वाटेवर धावत होती; चालवणारा कोण आणि गाडीत कोण, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

सकाळी विम्याचा कागद काढला गेला. त्यावर मुदत जानेवारीपर्यंतची होती, म्हणून सारे निश्चिंत होते. परंतु वाहन विम्याच्या नेहमीच्या अटींत एक ओळ असते: विमाधारकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तेवढाच काळ टिकते, त्या काळात वारसाने ती आपल्या नावे करून घ्यावी किंवा नवी घ्यावी. तीन महिने होऊन चार-पाच दिवस उलटले होते. म्हणजे ती गाडी रात्री ज्या वेगाने धावत होती, त्या वेगाला विम्याचा आधार राहिला नव्हता.

अपघात झाला असता तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे की परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. नुकसानभरपाई त्याच्याकडून मागितली जाते. त्या खटल्यातली गाडी अपघातापूर्वी अनेक हातांतून गेली होती, नोंद मात्र पहिल्याचीच राहिली होती. येथे तर नोंदीतला माणूस हयात नव्हता; पाठीमागे त्याची मिळकत आणि वारस होते.

गाडी त्याच दिवशी परत आणवली. सत्तावीस लाखांचा विषय संपला. मृताच्या नावाने सही करणे म्हणजे बनावट दस्तऐवज, याला दुसरे नाव नाही. ते थोरल्या बंधूंना आधीही कळत होते, त्या रात्रीनंतर त्यांनी ते तोंडाने मान्य केले.

नियम खरे तर अवघड नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५६ प्रमाणे वारसाने मृत्यूपासून ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे. तसे कळवल्यास तीन महिने गाडी वापरता येते आणि त्या मुदतीत फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावे करून घ्यायची असते. २०२१ पासून मालकाला नोंदणीपत्रात नामनिर्देशित व्यक्तीचे नाव घालता येते. ते घातले असते तर काम हलके झाले असते. (गाडी पेढीच्या नावे असती आणि घसारा घेतलेला असता, तर जीएसटीचा हिशेबही आला असता. ही वैयक्तिक नावे होती, तो ताप नव्हता.)

वारस किती, हा प्रश्न आला तेव्हा सर्वांनी तीन मोजले: पत्नी, मुलगा, मुलगी. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ जैनांनाही लागू आहे, आणि त्यात मृताची आई ही पहिल्या वर्गाची वारस आहे, पत्नी व मुलांच्या बरोबरीची. ब्याऐंशी वर्षांच्या आई आतल्या खोलीत सामायिकाला बसल्या होत्या. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

प्रतिज्ञापत्रावर सहीसाठी कागद पुढे केला, तेव्हा त्यांनी चष्मा मागितला आणि शेवटपर्यंत वाचला. ‘किती येतील? कोणाला देता?’ थोरल्या बंधूंनी सांगितले. ‘सही करते. माझा चौथा हिस्सा माझ्या खात्यात जमा कर. पुढे काय करायचे ते मी बघेन.’ घरात कोणी काही बोलले नाही. थोरले बंधू एवढेच म्हणाले, ‘होय आई.’

उशिराचा दंड भरून, चंद्रपूरच्या परिवहन कार्यालयात तीन फेऱ्या घालून गाडी धाकट्या वहिनींच्या नावे झाली. थकलेली ई-चलने भरली. त्यांतले एक वेगमर्यादेचे होते. तारीख पाहून वहिनी म्हणाल्या, ‘त्या दिवशी आईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं.’ नवा विमा घेतला. दसऱ्याच्या आठवड्यात ब्रह्मपुरीकडचे एक तांदूळ गिरणीवाले आले, कागद नीट पाहून पावणेपंचवीस लाखांना तयार झाले. या वेळी थोरल्या बंधूंनी घासाघीस केली, आणि पाऊण लाख वाढवून घेतले.

पैसे आरटीजीएसने वहिनींच्या खात्यात जमा झाल्यावर चावी द्यायची ठरली. आदल्या दिवशी आई म्हणाल्या, भद्रावतीच्या पार्श्वनाथाला जायचे आहे, आणि याच गाडीतून. थोरल्या बंधूंनी ती गाडी कधी चालवली नव्हती. त्यांनी आधी विम्याची तारीख पुन्हा एकदा पाहिली, खिशात नोंदणीपत्र ठेवले आणि आईंसाठी पुढचे दार उघडले.