दिवा कोणीं मालवावा?

सोळा माणसांच्या घरांत विजेचें बिल कोणा एकाचें नसतें, आणि त्यामुळें ओटीवरचा दिवा कोणीं मालवावयाचा हेंहि कधीं ठरत नाहीं. दुसरा कोणी मालवील अशा भरंवशावर तो पहांटेपर्यंत जळत राहतो. आमच्या शहापूरच्या घरीं हें काम आजीनें अंगावर घेतलेलें होतें. निजानीज झाली कीं ती ओटी, माजघर, माडी अशी फेरी घाली आणि देवापुढची समई तेवढी ठेवून बाकीचे दिवे मालवी. ती गेली आणि तिच्याबरोबर ती फेरीहि गेली. पुढें आमच्या धाकट्या बंधूंनीं मुरबाडला नवें घर बांधलें, तेव्हां पुतण्यानें हें काम यंत्रावर सोंपविलें. त्या घरीं दोन वर्षें जातां-येतां जें पाहिलें तें येथें सांगतों. कारण पुष्कळ घरांतून हल्लीं हाच विचार चालू असेल.

यंत्राविषयीं आमच्या मनांत आकस नाहीं. जिन्यावरचा दिवा पाऊल पडतांच लागतो व माणूस गेल्यावर आपण होऊन मालवतो. पण आम्हांस सर्वांत आवडलें तें गच्चीवरील टाकीचें साधन. टाकी भरली कीं पंप बंद. त्याला फार बुद्धि लागत नाहीं, एक तरंगता गोळा पुरतो. ज्या शहापूर तालुक्यांतून भातसा आणि तानसा ह्या जलाशयांचें पाणी मुंबईस जातें, त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते. अशा मुलखांत गच्चीवरून वाहून जाणारें पाणी पाहणें जिवावर येतें. वीज फुकट गेली ती आणखी वेगळी.

काकूंच्या खोलींतील दिव्यानें मात्र घरांत वाद उत्पन्न केला. भिंतीवरचें तें साधन माणूस पाहत नाहीं. अंगाच्या उष्णतेची हालचाल तेवढी त्याला कळते. काकू पंचाऐंशीच्या. संध्याकाळीं त्या खुर्चीवर बसून, गोमुखींत हात घालून जप करतात. शरीर स्थिर, मणी गोमुखीच्या आंत. दहा मिनिटें झालीं कीं साधनाच्या लेखीं खोली रिकामी, आणि दिवा गेला! पुतण्या म्हणाला, "आजी, मधून मधून हात हलवीत जा, म्हणजे झालें." काकू म्हणाल्या, "अरे, हात हलवीत बसायचें तर जप कशाला करूं? आणि अंधारांत उठतांना पडलें तर तुझें यंत्र मला उचलायला येणार आहे का?" ह्यावर त्यानें मुदत वाढविली, पण काकूंचा विश्वास उडाला तो उडालाच. म्हाताऱ्या माणसाचें पडणें ही थट्टेची गोष्ट नव्हे. मांडीचें हाड मोडल्यावर वाचलेल्या युनिटांचा हिशेब कोणी करीत बसत नाहीं.

ह्या विद्येचा आरंभ मौजेचा आहे. अमेरिकेंत विस्कॉन्सिन संस्थानांतील व्हाइटवॉटर येथें वॉरन जॉन्सन नांवाचे एक अध्यापक होते. थंडीच्या दिवसांत वर्गांत ऊब किती आहे हें पाहण्यास शिपाई वारंवार आंत येई व शिकविण्यांत व्यत्यय येई. जॉन्सन ह्यांनीं विजेवर चालणारा उष्णतादर्शक तयार केला व 1883 सालीं त्याचें पेटंट घेतलें. वर्गांतील उष्णता कमीजास्त झाली कीं तळघरांत घंटा वाजे, आणि तेथला माणूस झडप उघडी किंवा लावी. म्हणजे हें यंत्र स्वतः काम करीत नसे, माणसाला हांक मारीत असे. आम्हांला ही योजना फार शहाणपणाची वाटते.

आतां काटकसरीला कायद्याचें बळ आलें आहे. 2001 च्या ऊर्जा संवर्धन अधिनियमाखालीं मोठ्या इमारतींसाठीं 2007 सालीं संहिता निघाली व 2017 सालीं ती सुधारली. 2022 च्या दुरुस्तीनें 100 किलोवॅट जोडभाराच्या राहत्या इमारतीहि अशा नियमांच्या कक्षेंत आणतां येतात. खोली थंड करण्याचीं तारांकित यंत्रें 1 जानेवारी 2020 पासून 24 अंशांवर लावूनच विकावीं लागतात. आमच्यासारख्यांचीं घरें त्या 100 किलोवॅटच्या जवळपासहि जात नाहींत. तरी राहत्या इमारतींसाठीं 2018 सालीं निघालेली 'इको निवास संहिता' आम्हीं कुतूहलानें पाहिली. तींत दिवे मालविणाऱ्या यंत्राचा पाल्हाळ असेल असा आमचा तर्क होता. निघाल्या भिंती आणि खिडक्या! उष्ण व दमट हवेच्या प्रदेशांत उघडणाऱ्या भागाचें क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या निदान 16.66 टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावें. दोन कांचांची सरकती खिडकी निम्मीच जमेस धरावयाची, कारण तिचें निम्मेंच अंग उघडतें.

पुतण्यास लगेच टेप आणावयास सांगितली. मुरबाडच्या माडीवरची मोठी खोली 240 चौरस फूट. हवे होते 40. खिडकी सहा फूट लांब, सहा फूट उंच, पण सरकती. जमेस आले 18. शिवाय ती पश्चिमेकडे, उघड्या कांचेची. वैशाखांत तिसऱ्या प्रहरीं तेथें यंत्र 24 अंश मोठ्या इमानानें राखतें, आणि तें राखण्यासाठींच मीटर धांवत असतो. शहापूरला पश्चिमेस पडवी आहे. आजी दुपारीं तिकडचीं दारें लावी आणि दिवस कलला कीं उघडी. त्या घराचे गोडवे मात्र आम्ही गाणार नाहीं. स्वयंपाकघर काळोखी, धुरानें आमच्या आईचे डोळे गेले.

तें घर आतां पाडावयाचें आहे, कारण आढें वाळवीनें पोखरलें. नव्या नकाशांत बंधूंना पश्चिमेस जमिनीपासून छतापर्यंत कांच हवी आहे, माहुलीचे सुळके दिसावे म्हणून. आम्ही म्हणतों, पडवी ठेवा. माहुली पडवींतूनहि दिसते, आम्ही ती जन्मभर तेथूनच पाहत आलों. पुतण्या हिशेब करून पडवीच्या बाजूस आला आहे, बंधु अद्याप आलेले नाहींत. काकूंच्या खोलींत उशाशीं एक साधें बटन असावें, एवढें मात्र नकाशावर तांबड्या शाईनें लिहून झालें आहे.