तालमीला तास हवा

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत नाटक होते आणि उत्साहाने होते. गॅदरिंग आले की एकांकिका बसते. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात प्रहसन, मूकाभिनय, नक्कल यांची चढाओढ लागते, आणि तिथून निवडलेली मुले राज्य पातळीवरच्या इंद्रधनुष्य महोत्सवापर्यंत जातात. कॉलेज सुटल्यावर त्यांतली काही हौशी संस्थांकडून राज्य नाट्य स्पर्धेत उतरतात. ती स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. एवढे सगळे असूनही प्रत्येक नवी तुकडी पहिल्या धड्यापासूनच सुरुवात करते. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचवायचा, पात्र एखादे वाक्य का बोलते ते कसे शोधायचे, दोन दिव्यांत रात्र कशी उभी करायची, हे एखादा मुलगा धडपडत शिकतो, परीक्षा देतो, गाव सोडतो, आणि त्याच्याबरोबर ते ज्ञानही निघून जाते. मागे उरते ती कपाटातली ट्रॉफी. रसायनशास्त्राच्या विभागात असे होत नाही. तिथे मागच्या तुकडीला जे कळले ते वहीत, प्रयोगशाळेत आणि शिक्षकापाशी टिकते, आणि पुढची तुकडी तिथून पुढे निघते. नाटकातले शिकणेही असे टिकायचे असेल तर त्याला वेळापत्रकात तास हवा, पदवीचा विषय म्हणून मान हवा. वऱ्हाडात तर त्याला इतर कुठल्याही प्रदेशापेक्षा अधिक कारण आहे, असे माझे ठाम मत आहे.

जे शिक्षण गुरूच्या अंगातून शिष्याच्या अंगात जाते, ते अभ्यासक्रमात बसत नाही असे म्हणणाऱ्यांनी आधी अमरावतीकडेच पाहावे. १९१४ मध्ये अनंत आणि अंबादास वैद्य या भावांनी इथे हनुमान आखाडा काढला. त्या काळात कुस्ती आणि मल्लखांब ही वस्ताद आणि त्याच्या पठ्ठ्यांपुरती गोष्ट होती. कोणता डाव कधी शिकवायचा ते वस्तादाच्या मर्जीवर असे. त्यातूनच उभ्या राहिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्या विद्येला क्रम दिला, पायऱ्या दिल्या, आणि मुख्य म्हणजे शिकवणारे तयार केले. १९३६ मध्ये मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पुढे याच मंडळाच्या महाविद्यालयातून शारीरिक शिक्षणाची पदवी मिळू लागली. आखाड्यात घाम गाळण्यात पदवीसारखे काय आहे, हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. आज तो कोणी विचारत नाही, कारण अनेक शाळांत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक उभा आहे. नाटकाच्या बाबतीत या शहराचा वारसा काही कमी नव्हता. १९०५ मध्ये मुंबईत पहिले नाट्यसंमेलन भरले, त्याचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' आणि 'रणदुंदुभी' ही नाटके लिहिणारे वीर वामनराव जोशी अमरावतीचेच. नाटक लिहिणारे होते, नाटकावर जीव टाकणारे होते. नाटक शिकवणारे घडवण्याचे जे काम वैद्य बंधूंनी व्यायामासाठी केले, ते मात्र नाटकासाठी तितक्या चिकाटीने झाले नाही.

दुसरे कारण मला याहून मोलाचे वाटते. अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतात त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबा १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुरीला, मामाच्या घरी वाढले. म्हणजे ते जितके अमरावतीचे तितकेच अकोल्याचे. त्यांच्या समाजकार्यावर खूप लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण हजारोंच्या जमावासमोर तासन् तास एकट्याने उभा राहणारा हा निरक्षर माणूस नेमके काय करत होता, त्याची कारागिरी काय होती, हे नाटकाच्या विद्यार्थ्याने अभ्यासावे इतके समृद्ध आहे. बाबा आधी हातात खराटा घेऊन गाव झाडत. म्हणजे कीर्तनाला उभे राहण्याआधीच लोकांनी त्यांना काम करताना पाहिलेले असे, आणि त्यांच्या शब्दाला वजन आलेले असे. मग कीर्तनात ते प्रश्न विचारत. प्रश्न साधा, उत्तर एका शब्दाचे, आणि ते सगळ्या जमावाने एका आवाजात द्यायचे. पुढचा प्रश्न त्या उत्तरातूनच निघे. असे करत करत लोकांना ते अशा जागी आणत की आपणच दिलेल्या उत्तरांमुळे आपली देवभोळी समजूत किंवा कर्ज काढून घातलेले जेवण लोकांना स्वतःलाच चुकीचे वाटू लागे. ताण टिपेला पोचला की नामाचा गजर, आणि पुन्हा नव्या प्रश्नाची सुरुवात. त्यांच्या अखेरच्या काळातल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते कान देऊन ऐकले तर विराम, पुनरुक्ती, लय आणि श्रोत्यालाच पात्र करून घेणे यांचा पूर्ण सत्राचा पाठ त्यात सापडतो.

ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलने प्रेक्षकाला नुसते पाहणारा न ठेवता नाटकात ओढायची पद्धत मांडली, ती १९७०च्या दशकात. जगभरच्या नाट्यशाळांत ती शिकवली जाते आणि शिकवावीच. पण त्याच्या कितीतरी आधी पूर्णाकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत एक माणूस आपल्या गरजेतून याच वाटेवर चालत होता. बोआलचे पुस्तक आहे, त्याच्या पद्धतीला नाव आहे, टप्पे आहेत. बाबांच्या पद्धतीचे टप्पे कोणी तरी लिहून काढले पाहिजेत. ते काम पंधरा दिवसांच्या तालमीत होत नाही. त्यासाठी तीन वर्षे हातात असलेला विद्यार्थी आणि त्याला दिशा देणारा शिक्षक लागतो. खंजिरीच्या साथीवर गावेच्या गावे जागवणारे यावलीचे तुकडोजी महाराज, दंडार, गोंधळ, भारूड, मेळघाटातले कोरकू नाच ही सगळी सामग्री याच परिसरात आहे. पुण्या-मुंबईच्या नाट्यविभागांना ती बाहेरून येऊन अभ्यासावी लागेल. अचलपूरच्या नाही तर बाळापूरच्या मुलीला ती घरापासून एसटीच्या अंतरावर आहे.

बोलीचेही तसेच आहे. दूरचित्रवाणीवर वऱ्हाडी बोली सर्वांच्या परिचयाची झाली, भारत गणेशपुरे यांच्यासारख्या कलावंतांनी ती महाराष्ट्रभर लोकप्रिय केली, याचा आनंदच आहे. परंतु ज्या बोलीला लोकांनी फक्त विनोदासाठी ओळखले, तिला रडता येते हे विसरले जाते. उद्धव शेळके यांच्या १९६० च्या 'धग' या कादंबरीत हीच बोली एका बाईच्या संसाराची होरपळ पेलते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्यात जन्मलेल्या महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तले देशपांड्यांचे घर वऱ्हाडी, पण १९८५ मध्ये विजया मेहतांनी ते मुंबईत रंगमंचावर आणले. तो प्रयोग मराठी नाटकाच्या इतिहासात मोलाचा ठरला. तरीही त्या घरातल्या माणसांच्या बोलण्यातला चढउतार, एका 'मले' किंवा 'तुले'मधले मार्दव आणि जरब, हे अकोल्याच्या विद्यार्थ्याला जसे ऐकू येईल तसे इतरांना शिकून घ्यावे लागेल. तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख असलेल्या लक्ष्मण देशपांडे यांनी आपल्या भागातल्या गावाकडच्या बोलीत पन्नासाहून अधिक पात्रे एकट्याने उभी केली, आणि 'वऱ्हाड निघालंय लंडनला' देशोदेशी गेले. विद्यापीठात शिकवल्याने त्यांच्या मातीचा वास गेला नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो: कला शिकवून येत नाही, ती अंगात असावी लागते, आणि एलकुंचवारांकडे तरी नाटकाची पदवी कुठे होती? खरे आहे, नव्हती. पण ते इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते. मोठी नाटके वाचणे, त्यांची बांधणी उलगडणे, विद्यार्थ्यांसमोर ती पुन्हा मांडणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. अभ्यासाशिवाय मोठे झालेले म्हणून ज्यांची नावे सांगितली जातात, त्यांचा अभ्यास बहुधा आपल्या नजरेआड झालेला असतो. आणि पदवी फक्त प्रतिभावंतांसाठी असते, हे आपण अर्थशास्त्राबद्दल म्हणत नाही. गणिताचा प्रत्येक पदवीधर रामानुजन व्हावा असा आपला आग्रह नसतो. त्याला नीट गणित करता आले की आपण समाधानी असतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो घाईने उडवून लावणे मला अन्यायाचे वाटते. कापूस आणि सोयाबीनच्या भावावर ज्यांचे वर्ष अवलंबून असते, ज्यांच्या गावांत कर्जापायी माणसांनी जीव दिले, त्या घरातल्या मुलाने नाटकाची पदवी घ्यावी असे सांगायचा हक्क कोणाला आहे? पण तुलना योग्य गोष्टीशी करावी. या मुलापुढे अभियांत्रिकी आणि नाटक असे दोन पर्याय क्वचितच असतात. बहुतेकदा तो बी.ए.लाच जाणार असतो, काही विषय निवडणार असतो, आणि तीन वर्षांनी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणार असतो. त्या विषयांच्या जागी नाटक आले तर त्याच्या हातून काय सुटते? उलट त्याला चारचौघांत बोलता येते, दहा जणांचे काम वेळेत बांधून घेता येते, संहिता लिहिता येते, आवाज आणि प्रकाशाचे तंत्र कळते. नोकरी मिळेलच असे मी म्हणत नाही. तसे वचन आज कुठलीच कला शाखा देऊ शकत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचे तरी आधी पदवी लागते आणि नाटकात काम केल्याचा अनुभव लागतो. हे दोन्ही एकाच तीन वर्षांत झाले तर मुलाची वर्षे वाचतात. शिवाय पूर्व विदर्भाकडे पाहावे. झाडीपट्टीत धानाची कापणी झाल्यावर मंडईच्या जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यती यांच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर तिकिटाची नाटके होतात, वडसा हे त्या धंद्याचे केंद्र आहे, आणि शेकडो माणसांची त्यावर काही महिन्यांची कमाई होते. शंकरपट आपल्याकडे तळेगाव दशासरलाही भरतो. तशी रंगभूमी इथे उभी राहीलच असे नाही, पण ती उभी करू शकतील अशी माणसे तरी तयार असली पाहिजेत.

लोककला अभ्यासक्रमात आली की ती मरते, ही भीतीही मी मानतो. दंडारीचे पाच गुणांचे टिपण आणि दहा गुणांचे उत्तर झाले तर ती नक्की मरेल. यावर उपाय एकच: कलावंत वर्गात शिकवायला यावा, त्याला मानधन मिळावे, आणि परीक्षा लेखीपेक्षा प्रयोगाची असावी. राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर प्रयोगकलांना सहअभ्यासक्रम म्हणून थोडी क्रेडिट्स मिळू लागली आहेत, मग वेगळी पदवी कशाला, असेही विचारले जाते. त्या क्रेडिटांनी ओळख होते. विद्या होत नाही. आणि इतर कुणी फारसा काढत नाही असा एक मुद्दा मला मुलींसाठी काढावासा वाटतो. हौशी नाटकाची तालीम रात्री होते, कारण सगळ्यांना तेव्हाच सवड असते. दर्यापूरहून किंवा मूर्तिजापूरहून पास काढून येणाऱ्या मुलीला शेवटची एसटी गाठायची असते, म्हणून कितीतरी जणी तालमीपर्यंत पोचतच नाहीत. नाटक हा विषय झाला की तालीम सकाळी अकराला होते, हजेरी लागते, आणि घरी सांगायला लाज वाटत नाही.

अडचण आहे ती शिक्षकांची. तासिका तत्त्वावर, आज आहे उद्या नाही अशा नेमणुकीवर नाटक शिकवता येणार नाही. वर्षभर एकाच गटाबरोबर राहणारा माणूस लागतो. वर्ग लहान ठेवावा लागतो. खर्च मात्र समजतात तितका नाही: एक मोकळी खोली, जमिनीवर लाकडी फळ्या, खिडक्यांना काळे पडदे, थोडे दिवे. विज्ञानाच्या प्रयोगशाळेला याहून कितीतरी जास्त लागते. तेव्हा अमरावती आणि अकोल्यातल्या संस्थाचालकांना माझी विनंती आहे: येत्या वर्षी निदान एका महाविद्यालयाने पूर्णवेळ शिक्षक नेमून हा विषय मन लावून चालवावा, आणि पहिल्या सत्राचा पहिला पाठ गाडगेबाबांच्या ध्वनिमुद्रित कीर्तनाचा ठेवावा. आणि आईवडिलांना एवढेच सांगणे आहे, की मुलगा किंवा मुलगी नाटकाचा विषय घेते म्हणाली तर नकार देण्याआधी त्या विभागात जाऊन या. शिक्षक कोण आहे, तालीम केव्हा होते, खोली कशी आहे हे पाहा, आणि मग ठरवा.