पाच-एक ते पाच-चार

पुण्यातल्या एका वधूवर सूचक मंडळाची वेबसाइट माझ्याकडे आली ती तक्रारींच्या गठ्ठ्यासकट. त्यातली सगळ्यात ठसठशीत तक्रार एका मुलाच्या आईची. त्यांनी मुलीची उंची ‘पाच-एक ते पाच-चार’ मागितली होती आणि यादीत पाच फूट अकरा इंचांची मुलगी आली. मुलगा पाच-सहा. ‘तुमच्या कॉम्प्युटरला इंच कळत नाहीत का?’ असं त्यांनी फोनवर विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. खरंच कळत नव्हते.

डेटाबेस मायएसक्यूएलचा, कोड पीएचपीचा. उंचीचा रकाना क्रमानं लावून पाहिला तर असा दिसला : ५.१, ५.१०, ५.११, ५.२, ५.३... आकडे होते, पण मजकूर म्हणून साठवलेले. मजकुराची तुलना डावीकडून एकेका चिन्हानं होते. टिंबानंतरचा १ हा २ च्या आधी, म्हणून ५.११ हा ५.२ च्या आधी. त्यामुळे ५.१ ते ५.४ मागितलं की पाच-दहा, पाच-अकरा आत घुसणार, आणि ५.८ ते ६ मागितलं की नेमके तेच बाहेर. उंच जावई शोधणाऱ्यांना उंच मुलं दिसतच नव्हती. ही तक्रार मात्र कुणी केली नव्हती, कारण न दिसलेल्या स्थळाबद्दल तक्रार करणार कशी?

एका तरुण सहकाऱ्यानं सुचवलं, रकाना दशांशाचा करून टाकू. मी त्याला जागीच थांबवलं. दशांशात ५.१ आणि ५.१० एकच. रकाना बदलताक्षणी पाच फूट एक इंच आणि पाच फूट दहा इंच यांतला फरक पुसला गेला असता, आणि मग एकेकाला फोन करून विचारत बसावं लागलं असतं. आम्ही टिंबाच्या अलीकडचे फूट आणि पलीकडचे इंच वेगळे केले, फुटांना बारानं गुणलं, इंच मिळवले आणि पूर्णांक साठवला. पाच-एक म्हणजे ६१, पाच-अकरा म्हणजे ७१. स्क्रीनवर फूट-इंचच ठेवले. ‘६१ इंचांची मुलगी’ असं आपल्याकडे कोण म्हणतं?

वयाची कथा वेगळी. नोंदणीच्या दिवशी लिहिलेलं वय तसंच पडून होतं. सव्वीसचा मुलगा वर्षानुवर्षं सव्वीसचाच. सुदैवानं शेजारी जन्मतारीख होती. मग वयाचा शोध तारखांचा झाला, आणि तिथं टोकं उलटतात. १५ जून २०२४ रोजी २५ ते ३० वयाचं स्थळ हवं असेल, तर जन्म १५ जून १९९३ च्या नंतरचा आणि १५ जून १९९९ ला किंवा त्याआधीचा हवा. १९९३ कशाला, १९९४ नको का, असं बहुतेकांना वाटतं. पण तीस वर्षं अकरा महिने झालेला माणूस स्वतःला तीसचाच सांगतो.

हे गणित शोधाच्या मर्यादांवर करायचं, रकान्यावर नाही. प्रत्येक ओळीतल्या जन्मतारखेवरून वय काढून मग तुलना केली की इंडेक्सचा, म्हणजे क्रमानं लावलेल्या सूचीचा, उपयोग संपला. डेटाबेस सगळं टेबल चाळत बसतो. मंडळ चालवणाऱ्या काकूंना हे समजवावं लागलं नाही. संगणक येण्यापूर्वी त्यांच्या कपाटात फायली जन्मवर्षानं लावलेल्या असत. हव्या त्या पहिल्या वर्षाचा गठ्ठा गाठायचा आणि शेवटच्या वर्षापर्यंत काढत जायचं. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी १९७२ मध्ये मांडलेली, इंडेक्समागची बी-ट्री ही रचना मुळात हेच करते : सुरुवातीचं टोक पटकन गाठायचं आणि तिथून क्रमानं पुढं सरकायचं. कपाटाची अडचणही त्यात आहेच. फायली जन्मतारखेनं लावल्या की उंचीचा क्रम मोडतो. म्हणून संयुक्त इंडेक्समध्ये ज्याचं उत्तर एकच असतं, म्हणजे मुलगा की मुलगी, तो रकाना आधी आणि ‘पासून-पर्यंत’चा त्यानंतर. दुसरी ‘पासून-पर्यंत’ आली की ती निवडलेल्या गठ्ठ्यात बसून एकेक तपासावी लागते.

उत्पन्नानं मात्र खरा घाम काढला. कुणी ‘८ लाख’ लिहिलेलं, कुणी इंग्रजी आकड्यांत स्वल्पविराम देऊन, कुणी ‘पॅकेज चांगलं’. स्वल्पविरामवाल्या आठ लाखांचा मायएसक्यूएलनं पूर्णांक केला तो आठ. आठ रुपये! मराठी आकड्यांचं झालं शून्य. ती सफाई हातानंच करावी लागली.

आणि ज्यांनी रकाना कोराच ठेवला होता, ते तर गायबच होते. डेटाबेसमध्ये कोऱ्या किमतीची, म्हणजे ‘नल’ची, कशाशीही तुलना केली तर उत्तर ‘हो’ही नसतं आणि ‘नाही’ही नसतं, आणि यादीत येतात फक्त ‘हो’वाले. कोरा रकाना ठेवणाऱ्यांत शेतकरी घरं बरीच होती. पाऊस आणि बाजारभाव यांवर चालणाऱ्या घरानं ‘वार्षिक उत्पन्न’ समोर काय लिहायचं? कुणीही न ठरवता, निव्वळ तुलनेच्या एका चिन्हानं, ही मुलं स्थळांतून वगळली गेली होती. आम्ही ‘उत्पन्न न भरलेली स्थळंही दाखवा’ अशी खूण टाकली आणि ती आधीपासून केलेली ठेवली.

शोधाच्या फॉर्मचं काम तुलनेनं किरकोळ. ‘पर्यंत’ची चौकट रिकामी असेल तर ती अट क्वेरीत घालायचीच नाही, नाहीतर पीएचपी तिचं शून्य करतं आणि ‘पाच लाख ते शून्य’मध्ये कुणीच सापडत नाही. कुणी ३० ते २५ लिहिलं तर निमूट अदलाबदल करायची. आकडे प्रिपेअर्ड स्टेटमेंटमधूनच, म्हणजे क्वेरीच्या मजकुरात न मिसळता वेगळे, पाठवायचे, यावर वाद नाही.

सगळं बिनचूक झाल्यावर काकूंनी चाचणी घेतली. पाच-चार ते पाच-आठ टाकलं, यादी पाहिली आणि म्हणाल्या, ‘पाच-तीनची ती चांगली मुलगी कुठं गेली? मी असते तर फाईल हळूच सरकवली असती.’ मी म्हणाले, ‘मर्यादा तुम्हीच घातलीत.’ त्यावर त्या हसल्या. ‘अगं, लोक आकडा सांगतात तो अंदाजानं.’ मग मुख्य यादीखाली दुसरी यादी आली : उंचीत एक इंच आणि वयात एक वर्ष अलीकडची-पलीकडची स्थळं, तसं स्पष्ट लिहून. मुख्य यादीत ती मिसळू दिली नाहीत. मागितलं एक आणि दिलं दुसरं, हे मला पटत नाही.

तुम्ही कुठल्याही साइटवर असा शोध घेत असाल, घराचा, गाडीचा किंवा स्थळाचा, तर एकदा किमतीची आणि उत्पन्नाची चौकट रिकामी ठेवून शोधून पाहा. ज्यांनी आकडा लिहिलेलाच नाही, ते तेव्हाच दिसतील.